नाडीचा नेम

सेल्माने दोन बोटं वडिलांच्या मनगटावर टेकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहिलं. एस्कोने नेहमीप्रमाणे श्वास रोखून धरला.

"श्वास घ्या, बाबा. तुम्ही थांबलात म्हणून हृदय थांबणार नाही."

"थांबू नये म्हणूनच तर मोजतेस ना," तो म्हणाला. पण त्याने श्वास घेतला.

स्वयंपाकघरात पोरं शाळेला गेल्यानंतरची शांतता होती. दाराशेजारच्या तेरा खुंट्यांपैकी सात रिकाम्या होत्या. शेगडीपाशी मार्यो, सेल्माची आई, रात्रभर भिजवलेले वाटाणे निथळत होती. गुरुवार होता, आणि गुरुवारी या घरात वाटाण्याचं सूप ठरलेलं. तिच्या पायाशी दोन लहानगी लाकडी चमच्यांनी जमीन बडवत होती. बाळ पाळण्यात जागं होतं, पण तक्रार करत नव्हतं.

"चोपन्न," सेल्मा म्हणाली. उठून तिने फ्रिजच्या दारावरच्या तक्त्यात आकडा लिहिला.

तेरा महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीच्या कडाक्यात, एस्को एका अर्धवट बांधलेल्या घरात काम करता करता छाती धरून खाली बसला होता. इस्पितळातून सोडताना परिचारिकेने सांगितलं, रोज सकाळी, आणि श्रम करून आल्यावर, नाडी मोजायची आणि लिहून ठेवायची. एस्कोने तिथेच प्रयत्न करून पाहिला. सुताराची बोटं, तीस वर्षांच्या रंध्या-करवतीने टोकांवर जाड कातडं चढलेलं. "या बोटांना लाकूड कळतं, नाडी कळत नाही," तो म्हणाला. परिचारिकेने मनगटावर बांधायचं, नाडी मोजणारं घड्याळ सुचवलं तेव्हा तो दचकलाच. "ते नको. ते बांधलं की मी शर्यत लावीन."

परिचारिका हसली होती. सेल्मा आणि मार्यो हसल्या नव्हत्या. सतराव्या वर्षी एस्को आसपासच्या पाच गावांत स्कीवर सगळ्यांत वेगवान होता, आणि त्याच हिवाळ्यात आतून काही उमगून त्याने शर्यती सोडल्या होत्या. हे कुटुंब ज्या प्रार्थनाघरात जायचं तिथली माणसं शर्यती लावत नसत. स्की चालवायची ती वाट कापायला, आणि फार तर ऊन पडलं म्हणून.

मग ते काम सेल्माकडे आलं. अकरा भावंडांत ती थोरली. गेल्या वसंतात तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरले. ती म्हणाली, पुढच्या वर्षी. आणि रोज सकाळी साडेआठला वडिलांचं मनगट हातात घेण्याचा नेम तिने धरला. ताप असताना, बर्फाने वीज गेलेली असताना, बाळ जन्मलं त्या सकाळीसुद्धा. नेम एकदाही चुकला नव्हता.

ते 'पुढचं वर्ष' आज संपत होतं. दुपारी तीनला अर्जाची मुदत होती.

"काही बदलणार आहेस का?" मार्योने पाठ न वळवता विचारलं.

"काय बदलायचंय?"

"मला काय माहीत. सकाळपासून तीनदा उघडून मिटलंस ते यंत्र. बिजागरी झिजेल."

सेल्माने लॅपटॉपचं झाकण चौथ्यांदा उघडलं. अर्ज आठ दिवसांपूर्वीच भरला होता. पहिली पसंती: नर्सिंग, कोक्कोला, बसने सव्वा तास, घरून जाऊन-येऊन करता येईल असं. दुसरी: व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, युवास्कुला विद्यापीठ, अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, पदवी आणि पदव्युत्तर एकत्र, येत्या शरदापासून पाच वर्षं. घरी तिने सांगितलं होतं, दोन्हीकडे अर्ज केलाय. ते खरं होतं. पण पसंतीचा क्रम मुदतीनंतर बदलत नाही, आणि वरची जागा मिळाली की खालची आपोआप गळून पडते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या गुणांवर नर्सिंग मिळणारच होतं. दुसरी ओळ तिने गळण्यासाठीच लिहिली होती.

"पाच वर्षं," मार्यो म्हणाली. वाटाणे पातेल्यात पडल्याचा आवाज झाला. "पाच वर्षांत मी चार पोरं जन्माला घातली. आणि ही पाच वर्षांनी एक पदवी घेऊन येणार."

"दोन, आई. दोन्ही एकत्र."

"मग जुळी म्हण."

एस्को हसला.

"तू हसू नकोस, एस्को. तिथे कोण असतं ठाऊक आहे ना तुला? सगळे छातीवर नंबर लावून पळणारे. आणि त्यांच्या मागून वह्या घेऊन पळणारे."

"मी पळणार नाहीये," सेल्मा म्हणाली. "माणूस पळतो तेव्हा आत काय होतं, तेवढंच बघायचंय."

"आत काय होतं ते देवाला ठाऊक."

"त्याला आहेच, आई. मला नाही."

मार्योने झाकण ठेवलं. पण ते नीट बसलेलं असूनही पुन्हा उचलून पुन्हा ठेवलं.

सेल्माच्या डोळ्यांसमोर गेल्या मार्चमधली इस्पितळातली ती खोली होती. एस्कोला छातीवर तारा चिकटवून एका जागच्या सायकलवर बसवलं होतं, आणि पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. तंत्रज्ञ बाई म्हणाली, "आता सुरू करू या हं." एस्कोचे पाय अजून हललेही नव्हते, पण रेघेच्या उड्या जवळ जवळ आल्या. सेल्माने विचारलं, "अजून काही केलंच नाही. मग हृदयाला आधी कसं कळलं?" बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "छान प्रश्न आहे. त्याच्यावर लोक आयुष्यं काढतात." बाईने ते सहज म्हटलं असेल. सेल्मा तेव्हापासून तेच एक वाक्य बरोबर घेऊन फिरत होती.

एस्को उठता उठता टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवत गेला आणि एका जागी थांबला.

"इथे लाकडाचं कुसळ उठलंय."

सेल्माने हात फिरवून पाहिला. तिला काही लागलं नाही. मार्योने येऊन पाहिलं. तिलाही नाही. एस्कोने खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढून दोनदा घासलं, पुन्हा बोट फिरवलं, मान डोलावली आणि टोपी घेतली. बाहेर मार्चअखेरचं ऊन पडलं होतं. रात्री गोठून दिवसा चमकणारा, माणसाचं वजन पेलणारा कडक बर्फ.

"शर्यत लावू नका," सेल्मा म्हणाली.

"कोणाशी? काम उरकून दुपारी तळ्यावर जाईन, तिथे मी एकटाच."

*

दीड वाजता मार्यो शेगडीपासून म्हणाली, "सेल्मा, जरा मागच्या खोपटात जा. तुझ्या बाबांचा तो लोखंडी डबा आहे ना, स्कीचा, त्यातून मेणाची एक वडी आण."

"तुला कशाला मेण?"

"चमच्यांचा खण घासतोय. ओढताना जीव जातो."

"बाबांना सांगितलं असतंस तर त्यांनी रंधा—"

"सगळं त्याला सांगायचं का? मेण लावलं की झालं. जा, बाळ झोपलंय तोवर."

खोपटात डांबराचा आणि जुन्या लोकरीचा वास होता. डबा फळीवर मागे ढकलून ठेवलेला होता. वर निळ्या, हिरव्या मेणाच्या वड्या, बुचाचा एक तुकडा, पुसायचं फडकं. खालची निळी वडी काढताना तिच्या बोटांना पुठ्ठा लागला.

शाळेची पातळ वही होती. बहुतेक धाकट्यांपैकी कोणाची तरी उरलेली. पहिल्या पानावर खोडलेल्या गणितांच्या खुणा होत्या. मग एस्कोचं अक्षर. लाकडावर मापं लिहितो तसं, टोकदार पेन्सिलीने, थोडकं.

*१९ मार्च. जमत नाही. सेल्मा ५८.*

*२० मार्च. जमत नाही. सेल्मा ६०.*

अशी पानं भरली होती. एप्रिल सगळा 'जमत नाही'. तिला हसूही आलं. रोज सकाळी ती उठण्याआधी या माणसाने इथे उभं राहून स्वतःचं मनगट चाचपलं होतं. तिने पान उलटलं.

*११ मे. लागली. माझी ५६. सेल्मा ५६.*

त्याखाली १२ मे, दोन आकडे. १३ मे, दोन आकडे. तिथून पुढे दोन रकाने, शेजारी शेजारी, जून, सप्टेंबर, ख्रिसमसची सकाळ. क्वचित एकाचा फरक. एका ठिकाणी लिहिलं होतं, *तिची बरोबर, माझी चुकली.* तळं गोठल्यावर तिसरा रकाना सुरू होत होता, इतका फिका की खिडकीकडे धरावा लागला. *तळं: ४१ मि. तळं: ३९.* आणि मागच्याच आठवड्यात: *३६.*

शेवटची ओळ आजची होती. *माझी ५४. सेल्मा ५४.* शेजारचा तळ्याचा रकाना अजून कोरा होता.

सेल्मा उभी राहिली. तिने वही मिटली, उघडली, मेची ती ओळ पुन्हा पाहिली. खोपटाच्या छपरावरून वितळलेलं पाणी टपटपत होतं, आणि काही वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण ते थेंब मोजतोय. तिने वही होती तशी खाली ठेवली, वर फडकं, वर वड्या. एक निळी वडी मुठीत घेतली. दार लावून ती घरात परतली.

आईने मेण घेतलं, "बरं झालं" म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

*

एस्को सव्वादोनला आला. गाल लाल, भुवयांवर बर्फ. जॅकेट खुंटीला लावून तो टेबलाशी बसला, बाही मागे सारली आणि मनगट पुढे केलं.

सेल्मा समोर बसली होती. तिचे हात मांडीवरच राहिले.

"आज तुम्ही मोजा, बाबा."

शेगडीपाशी ढवळणं थांबलं.

एस्कोने तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग स्वतःच्या हाताकडे. 'मला कुठे जमतं,' असं काही तो म्हणेल म्हणून सेल्मा थांबली. तो म्हणाला नाही. उजव्या हाताची दोन जाड बोटं त्याने डाव्या मनगटावर ठेवली. चाचपडला नाही, सरकवली नाहीत, थेट जागेवर. आणि श्वास रोखला नाही. साठ सेकंद स्वयंपाकघरात कोणी बोललं नाही. लहानगीसुद्धा चमचे धरून वर बघत बसली.

"ब्याण्णव," तो म्हणाला. "तळ्याच्या टोकाला जास्त असणार."

"छत्तीस मिनिटांत फेरी मारली की असणारच."

त्याने डोळे मिटले. कानांपर्यंत लाल होता तो, आणि ते आता थंडीचं नव्हतं.

"मेमध्ये पहिल्यांदा लागली," तो म्हणाला. "त्याच दिवशी सांगणार होतो. इतका आनंद झाला होता की काय सांगू. मग तू आलीस, बोटं ठेवलीस. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या." त्याने बाही खाली ओढली, पुन्हा वर केली. "घरात तेरा माणसं. दिवसातनं एक मिनिट कोणी माझ्याशी असं गप्प बसत नाही, पोरी. मला ते सोडवेना."

सेल्माने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"आणि तू नर्सिंग वर लिहिलंस ते मी बघितलं. मागून जाताना वाचलं. का लिहिलंस तेही मला कळलं. तरी गप्प बसलो." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "शर्यतीचं म्हणशील तर ते लहान पाप आहे. हे मोठं. सेल्मा, मला क्षमा आहे, असा विश्वास धरू का मी?"

हा प्रश्न या घरात नवा नव्हता. भांडून झोपायला गेलेली पोरं अंधारात एकमेकांना हेच विचारत, आणि मार्यो सगळ्यांच्या पांघरुणांवरून हात फिरवताना हेच सांगत असे. ज्याला ओझं झालं त्याने मागायचं, जो जवळ असेल त्याने द्यायचं. त्यात थोरलं-धाकटं नसतं. तरी वडिलांनी आपल्याकडे मागण्याची वेळ सेल्मावर कधी आली नव्हती. शब्द ओठांवर होते, पण ते जिथून यायला हवे होते ती जागा अजून दुखत होती. मेपासून दहा महिने. रोज सकाळी.

तिने हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. मोजायला नाही, नुसता.

"येशूच्या नावाने आणि त्याच्या रक्ताने सगळ्या पापांची क्षमा झाली, असा विश्वास धरा, बाबा." आणि तो काही म्हणायच्या आत, घाईने, "मीही धरू का? मी 'दोन्हीकडे' म्हणाले होते. दोन्हीकडे नव्हतंच ते. माझंच धाडस नव्हतं, आणि मी तुमच्या नाडीमागे लपले."

एस्कोने तेच शब्द तिला दिले. अडखळत, नाक ओढत.

"सूप लागलं बघा खाली," मार्यो म्हणाली. सूप लागलेलं नव्हतं; वास तसा काही येत नव्हता. तिने एप्रनच्या टोकाने तोंड पुसलं. "अडीच वाजून गेले. रडायचं असेल तर तीननंतर रडा."

सेल्माने लॅपटॉप उघडला. दोन ओळी, शेजारी वर-खाली करायचे बाण. तिने दुसऱ्या ओळीचा बाण एकदा दाबला. शरीरक्रियाशास्त्र वर गेलं, नर्सिंग खाली आलं. आता खाली फक्त 'पाठवा'चं बटण होतं.

तिचा हात तिथेच राहिला.

एस्कोने टेबलावरून हात लांबवला, तिचं दुसरं मनगट उताणं केलं आणि दोन बोटं ठेवली. त्याची बोटं खरखरीत होती, आणि इतकी हलकी असतील असं तिला वाटलं नव्हतं. घड्याळाकडे पाहून तो ओठ हलवत मोजत राहिला.

"एकशे चार," तो म्हणाला. "अगं, अजून तर तू काही केलंच नाहीस."

सेल्माने मान वर केली. मग तिला हसू फुटलं.

"तेच तर मला विचारायचंय, बाबा."

"कोणाला?"

"तिथल्यांना."

"आणि त्यांनाही ठाऊक नसलं तर?"

"म्हणून तर पाच वर्षं."

तिने बटण दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि कोरडं एक वाक्य: बदल नोंदवला गेला आहे. मेमध्ये प्रवेशपरीक्षा होती, जागा थोड्या होत्या, आणि गावातले काही जण बोलणार होते, काही बोलणार नव्हते पण बघणार होते. एस्कोने बोटं अजून उचलली नव्हती.

"उतरतेय," तो म्हणाला.

बाहेर शाळेची बस थांबल्याचा आवाज झाला. पायऱ्यांवर बूट आपटले, कोणीतरी कोणाला तरी बर्फात ढकललं, आणि दार उघडून सगळी थंडी आत आली. एकेक करून सातही खुंट्या भरल्या.

"चमचे मांड," मार्यो सेल्माला म्हणाली. पातेलं उचलून ती टेबलाकडे निघाली होती.

सेल्माने खणाला हात घातला, आणि घासणार म्हणून थोडा जोर लावून ओढला. खण एका बोटाने ओढावा तसा अलगद, गुळगुळीत बाहेर आला. इतका की चमचे पुढे घरंगळून एकमेकांवर वाजले. ती तशीच उभी राहिली. खिडकीच्या कठड्यावर निळ्या मेणाची वडी होती. तिच्यावरचा कागदही कोणी सोडवला नव्हता.

तिने आईकडे पाहिलं. मार्यो मान खाली घालून वाढत होती; पातेल्याच्या वाफेने तिचा चेहरा धुरकटला होता.

"आई—"

"तेरा काढ," मार्यो म्हणाली. "नीट मोज. शरदापर्यंत तेराच लागणार आहेत."